त्वचेवरील संधिसाधू कवके आणि संधीची मीमांसा

कवकांमुळे माणसाच्या त्वचेस होणाऱ्या विकारांचे स्थूलमानाने दोन वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गातील कवके निरोगी माणसाच्या त्वचेवरही स्वतःच्या सामर्थ्याने आक्रमण करू शकतात. नायटा अथवा गजकर्ण उत्पन्न करणारी कवके ही त्यांची सर्वपरिचित उदाहरणे होत. दुसऱ्या वर्गातील कवके एरवी निरुपद्रवी असतात. त्यांपैकी काही आपल्या त्वचेवर व आतड्यात जन्मभर वास करतात. काही माती, शेणखत, उसाचे पाचट, कुजकी फळे यांवर आपला निर्वाह करतात. माणसाच्या शरीरात काही उणीव निर्माण झाली तरच ती रोगकारक ठरतात. या दुसऱ्या वर्गातील कवकांना संधिसाधू कवके आणि त्यांच्यामुळे होणाऱ्या विकारांना संधिसाधू कवकसंसर्ग अशी संज्ञा आहे.

ही संज्ञा सोयीची असली तरी तिच्यामुळे अभ्यासकाचे लक्ष नकळत कवकाकडेच वेधले जाते. संधी साधणाऱ्याचे नाव, त्याचा वंश, त्याची जाती यांचा शोध घेतला की आपले काम संपले असे वाटू लागते. वस्तुतः या विकारांत कवकाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती संधी होय. ती कोठे निर्माण झाली, कशी निर्माण झाली व ती दूर करता येईल काय, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज निदान पुरे होत नाही आणि उपचारही टिकत नाही. प्रस्तुत लेखात हीच भूमिका घेऊन त्वचेवरील प्रमुख संधिसाधू कवकांचा विचार केला आहे. उदाहरणे शक्य तेथे कोल्हापूर व भोवतालच्या प्रदेशातील परिस्थितीवरून घेतली आहेत.

त्वचेचे स्वाभाविक संरक्षण

संधी म्हणजे काय हे समजण्यासाठी ती नसते तेव्हा काय असते हे प्रथम पाहिले पाहिजे. पृथ्वीवरील कवकांच्या वर्णन झालेल्या जाती लाखाच्या वर आहेत. माणसास उपद्रव देऊ शकणाऱ्या जाती काही शेकड्यांच्या पलीकडे जात नाहीत, आणि त्यांतीलही मोजक्याच नित्य आढळतात. शेतात राबणाऱ्या माणसाच्या हातापायांवर दररोज असंख्य बीजाणू येऊन पडतात. तरीही ते रुजत नाहीत. याची कारणे अनेक आहेत.

बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा शृंगी स्तर केरॅटिनयुक्त मृत पेशींचा बनलेला असतो. शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी असते. तथापि तो कोरडा, घट्ट व पोषणदृष्ट्या दरिद्री असतो. त्याच्या पेशी सतत झडत असतात आणि सुमारे चार आठवड्यांत बाह्यत्वचा नवी होते. रुजू पाहणारे कवक त्यामुळे झडणाऱ्या पेशींबरोबर बाहेर टाकले जाते. त्वचेचा पृष्ठभाग अम्लधर्मी असतो व तिच्या तैलग्रंथींतून स्रवणाऱ्या द्रव्यातील मेदाम्ले अनेक कवकांना मारक ठरतात. त्याखेरीज त्वचेवर नांदणारे जीवाणू नवागतास जागा मिळू देत नाहीत.

हा तट ओलांडून एखादे कवक आत शिरलेच, तर त्याची गाठ शरीराच्या उष्णतेशी पडते. मातीतील बहुसंख्य कवकांना ३७ अंश सेल्सियस तपमान मानवत नाही. त्यातूनही जी निभावतात त्यांना रक्तातील श्वेतपेशी गाठतात. तंतुरूप कवकांच्या विरुद्ध बहुरूपकेंद्रकी श्वेतपेशींचे कार्य विशेष मोलाचे असते, तर श्लेष्मल त्वचेवर व त्वचेवर वाढणाऱ्या कँडिडासारख्या कवकांना लसीकापेशी आवर घालतात. रक्तद्रवातील ट्रान्सफेरिन हे प्रथिन लोह घट्ट बांधून ठेवते आणि लोहाविना कवकाची वाढ खुंटते. यांपैकी कोणत्याही एका व्यवस्थेत खंड पडला की संधी निर्माण होते. कोणती व्यवस्था ढासळली यावर कोणते कवक येईल हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. पुढील विवेचन या सूत्रास धरून केले आहे.

घाम व तेल : शिबे

मानेवर, छातीवर व पाठीवर येणारे पांढुरके अथवा तपकिरी, किंचित कोंडा सुटणारे चट्टे आपल्याकडे शिबे या नावाने परिचित आहेत. या चट्ट्यांत कवक असल्याचे आइख्‌श्टेट या जर्मन वैद्याने १८४६ मध्ये दाखविले. पुढे बेयाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये मालासे या संशोधकाच्या नावावरून मॅलॅसेझिया हा वंश स्थापिला. या वंशातील कवके किण्वस्वरूपी असून प्रौढ माणसांपैकी बहुतेकांच्या त्वचेवर ती कायम वास करीत असतात.

त्यांचे वैशिष्ट्य असे की, मेदाम्ले स्वतः तयार करण्याची शक्ती त्यांच्यात नसते. मॅलॅसेझिया ग्लोबोसा या जातीच्या जनुकसंचाचे वाचन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मेदाम्ल तयार करणाऱ्या प्रमुख विकराचा जनुकच तिच्यात नसल्याचे आढळून आले. म्हणून ही कवके तैलग्रंथी विपुल असलेल्या जागीच राहतात, व तैलग्रंथी कार्यक्षम नसलेल्या लहान मुलांत शिबे त्या मानाने कमी दिसतात. प्रयोगशाळेतही हाच धडा मिळतो. नेहमीच्या साबुरो माध्यमावर या कवकांची वाढ होत नाही. माध्यमावर ऑलिव्ह तेलाचा थर द्यावा लागतो अथवा माध्यमातच मेदद्रव्ये मिसळावी लागतात. प्राण्यांच्या त्वचेवर आढळणारी मॅलॅसेझिया पॅकिडर्मॅटिस ही जाती मात्र साध्या माध्यमावर वाढते. साध्या माध्यमावर काही उगवले नाही म्हणून चट्ट्यात कवक नाही असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे ठरते.

येथे संधी कोणती? उष्ण व दमट हवा, सतत येणारा घाम, अंगास लावलेले तेल आणि काही व्यक्तींची जन्मजात प्रवृत्ती. या परिस्थितीत त्वचेवरील गोल किण्वपेशी आखूड तंतूंचे रूप धारण करतात व शृंगी स्तरात शिरतात. चट्ट्यावरील कोंडा १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता गोल पेशींचे पुंजके व आखूड, वाकडे तंतू एकत्र दिसतात. नुसत्या गोल पेशी निरोगी त्वचेवरही असतात. तंतू दिसणे हे रोगाचे लक्षण होय. शिबे बरे झाल्यावरही रंगाचा फरक काही महिने राहतो, आणि पुढील उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात ते पुन्हा उद्भवतात. कवक समूळ नाहीसे होणे शक्य नाही, कारण ते मुळात आपल्या घरचेच आहे. ही गोष्ट रुग्णास समजावून सांगितली नाही, तर तो औषध निरुपयोगी समजून दुसऱ्या दुकानात जातो. या चट्ट्यांना कोड समजून कित्येकदा मुलामुलींच्या विवाहात अडचणी उभ्या राहतात. काचपट्टीवरील दोन मिनिटांची तपासणी हा गैरसमज दूर करू शकते.

पाणी व चिखल : कँडिडा

कँडिडा अल्बिकन्स हे किण्व निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात व स्त्रियांच्या योनिमार्गात आढळते; कोरड्या त्वचेवर मात्र ते सहसा टिकत नाही. त्याला ओलावा लागतो. पाण्यात सतत राहिल्याने शृंगी स्तर फुगतो, पांढरा पडतो व सुटू लागतो, म्हणजेच तट खचतो. हाताच्या बोटांच्या बेचक्यांत, पायाच्या बोटांमध्ये, जांघेत, काखेत, स्थूल स्त्रियांच्या स्तनांखाली आणि ओल्या लंगोटात राहिलेल्या तान्ह्या मुलाच्या अंगावर हे कवक वाढते ते याच कारणाने. भांडी घासणाऱ्या, धुणे धुणाऱ्या स्त्रियांच्या नखांभोवतीची त्वचा सुजून नखुर्डे होते व ते महिनोन्‌महिने बरे होत नाही. तेथेही बहुधा कँडिडा सापडतो.

कोल्हापूर जिल्ह्यात या संधीचे एक मोठे क्षेत्र आहे. गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी या पश्चिमेकडील तालुक्यांत पावसाळ्यात भाताची रोपलावण चालते, तेव्हा माणसे दिवसभर पोटरीभर चिखलात उभी असतात. पायाच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटतात, खाजतात, दुखतात. यास चिखल्या म्हणतात. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मधील पंचगंगा व कृष्णेच्या महापुरांत शिरोळ, करवीर आदी तालुक्यांतील लोकांना पाण्यातून व चिखलातून दिवसच्या दिवस वावरावे लागले. पूर ओसरल्यावर घरातील गाळ उपसणे हेही ओलेच काम. याउलट शिरोली व गोकुळ शिरगाव येथील ओतशाळांत काम करणाऱ्यांचे पाय कोरड्या हवेतही दिवसभर बंद बुटात घामाने भिजलेले असतात. व्यवसाय भिन्न, परंतु बोटांच्या बेचक्यांपुरती परिस्थिती एकच. कोल्हापुरी चप्पल घालणाऱ्याच्या पायास हवा लागते, हा या पादत्राणाचा आरोग्यदृष्ट्या एक गुणच म्हटला पाहिजे.

चिखल्यांच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. त्यांत केवळ कँडिडा असतो असे नाही. प्रथम गजकर्णाची कवके, मग जीवाणू, मग किण्व असा क्रम किंवा यांचे मिश्रण आढळू शकते. काही वेळा कवक मुळीच नसते, केवळ पाण्याने त्वचा सुटलेली असते. म्हणून नमुन्यात कँडिडा उगवला एवढ्यावरून त्यालाच दोषी ठरविता येत नाही. पाय कोरडे करणे, बोटांत जागा राहील असे करणे व रात्री पाय उघडे ठेवणे हा येथे उपचाराचा पहिला अर्धा भाग होय. शेतमजुरास हे सांगणे सोपे, पण रोपलावणीच्या दिवसांत आचरणे कठीण असते. त्याची रोजंदारी पायावर असते आणि चिखल्यांमुळे चार दिवस घरी बसणे म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडणे.

मधुमेह ही कँडिडास मिळणारी दुसरी मोठी संधी होय. रक्तातील वाढलेल्या शर्करेमुळे श्वेतपेशींची कार्यक्षमता घटते. जांघेतील अथवा जननेंद्रियावरील वारंवार उद्भवणारा कँडिडासंसर्ग ही कित्येकदा अज्ञात मधुमेहाची पहिली सूचना असते. अशा वेळी मलम देऊन रुग्णास परत पाठविणे आणि रक्तातील शर्करा न तपासणे म्हणजे मूळ रोग तसाच ठेवणे होय. एड्‌सच्या रुग्णांच्या तोंडात येणारा कँडिडाचा पांढरा थरही असाच आतील ऱ्हासाचा निदर्शक असतो.

जखम व माती : दोन भारतीय कवकांची कथा

यापुढील गट मृतोपजीवी तंतुरूप कवकांचा. म्यूकर, रायझोपस, अ‍ॅस्परजिलस, फ्युझेरियम, आल्टरनारिया ही नावे वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यास प्रथम वर्षापासून ठाऊक असतात. शिळ्या भाकरीवर वा कुजक्या फळांवर वाढणारी ही कवके माणसास अपाय करीत असतील अशी कल्पना सहसा मनात येत नाही. त्वचेचा तट जखमेने, भाजण्याने अथवा सुईने भेदला गेला व जखमेत माती गेली, म्हणजे यांना वाट मिळते.

या गटातील दोन कवकांचा शोध भारतीय मातीत लागला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. मध्य प्रदेशातील सागर येथील सक्सेना यांनी जवळच्या पथरिया जंगलातील मातीतून एक आगळे कवक वेगळे केले व १९५३ मध्ये सॅक्सेनिया व्हॅसिफॉर्मिस या नावाने त्याचे वर्णन केले; सुरईच्या आकाराची बीजाणुधानी हे त्याचे लक्षण. तेवीस वर्षे हे कवक केवळ वर्गीकरणाच्या ग्रंथांत राहिले. १९७६ मध्ये अमेरिकेतील अजेलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी, मोटार अपघातात जखमी झालेल्या माणसाच्या जखमेत तेच वाढल्याचे प्रसिद्ध केले. दुसरे कवक अ‍ॅपोफायसोमायसिस एलिगन्स. मिश्र, श्रीवास्तव व लता यांनी १९७९ मध्ये उत्तर भारतातील मातीवरून त्याचे वर्णन केले. पुढे त्याच्यामुळे होणारे जखमांचे भीषण संसर्ग भारतातूनच मोठ्या संख्येने नोंदले गेले. विशेष असे की, त्यांतील अनेक रुग्ण मधुमेही वा दुर्बल नव्हते. धडधाकट माणसे होती. जखमेतून आत गेलेली माती हीच त्यांच्याबाबतीत संधी होती. अमेरिकेतील जॉप्लिन शहरावर मे २०११ मध्ये आलेल्या चक्रीवादळानंतर याच वंशातील दुसऱ्या एका जातीने १३ जखमी व्यक्तींना ग्रासले व त्यांतील ५ दगावल्या. वादळाने उडालेली लाकडे व माती त्यांच्या शरीरात घुसली होती.

ऊसतोडीत कोयत्याने होणारी जखम, नांगराचा फाळ वा काटा लागणे, ट्रॅक्टरचा अपघात हे प्रकार आपल्या भागात नित्याचे आहेत. अशा बहुसंख्य जखमा स्वच्छ धुतल्याने बऱ्या होतात. तथापि जखमेच्या कडा काळ्या पडत चालल्या, दुखणे व सूज जखमेच्या मानाने फार असली आणि प्रतिजैविकांचा उपयोग होत नसला, तर कवकाची शंका तत्काळ घेतली पाहिजे. या वर्गातील कवके रक्तवाहिन्यांच्या भित्ती भेदून आत गुठळ्या निर्माण करतात; रक्तपुरवठा तुटून ऊती मरतात. तेथे औषधही पोहोचत नाही, म्हणून मृत ऊती शस्त्रक्रियेने काढाव्या लागतात. एका दिवसाचा विलंबही येथे एखाद्या अवयवाचे मोल घेऊ शकतो.

प्रयोगशाळेत या दोन कवकांची एक अडचण आहे. नेहमीच्या माध्यमावर ती पांढऱ्या तंतूंचा भरघोस थर देतात, पण बीजाणू देत नाहीत; आणि बीजाणुधानी दिसल्याविना त्यांची ओळख पटत नाही. या अडचणीवर १९८८ मध्ये अ. अ. पाध्ये व अजेलो यांनी एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. वाढलेल्या कवकाचा माध्यमासह एक तुकडा कापून तो किण्वाचा अर्क अत्यल्प प्रमाणात मिसळलेल्या निर्जंतुक पाण्यात ठेवावयाचा. पोषण तुटल्यावर कवक बीजाणू धरू लागते. पाध्ये यांनी त्यापूर्वी पिंपरी येथे मातीतील केरॅटिनप्रिय कवकांवर संशोधन केले होते.

औषधाने दिलेली संधी

वरील सर्व उदाहरणांत संधी निसर्गाने, व्यवसायाने अथवा अपघाताने दिलेली आहे. आपल्या काळातील सर्वांत व्यापक संधी मात्र माणसाने औषधाच्या रूपाने दिली आहे. स्टिरॉइड वर्गातील औषधे दाह शमवितात. दाह ही पीडा असली तरी कवकाविरुद्ध चालू असलेल्या लढ्याचा तो एक भाग असतो. खाज सुटणाऱ्या गजकर्णावर स्टिरॉइडयुक्त मलम लावले असता दोन दिवसांत लाली व खाज कमी होते, रुग्ण समाधान पावतो, आणि कवक निर्वेधपणे पसरते. चट्ट्याची उंच कड, मध्यभागी साफ होणारी त्वचा ही ओळखीची लक्षणे पुसली जातात. या बदललेल्या रूपास आइव्ह व मार्क्स यांनी १९६८ मध्ये अज्ञातरूप गजकर्ण अशा अर्थाचे नाव दिले.

गजकर्णाची कवके व्याख्येनुसार संधिसाधू नव्हेत. परंतु स्टिरॉइडने त्वचेचा प्रतिकार मोडल्यावर त्यांचे वर्तन संधिसाधू कवकांसारखेच होते. संपूर्ण अंगावर पसरलेले, वारंवार उलटणारे, घरातील सर्वांना होणारे गजकर्ण गेल्या काही वर्षांत भारतभर आढळू लागले. त्याचे प्रमुख कारण ट्रायकोफायटन इंडोटिनी हे कवक होय; त्याचे हे नामकरण २०२० मध्ये जपानमधील संशोधकांनी केले. टर्बिनाफिन हे औषध कवकाच्या स्क्वालिन एपॉक्सिडेज या विकरास रोखते. या कवकाच्या अनेक वाणांत त्याच विकराच्या जनुकात बदल झाल्याने औषध लागू पडत नाही. स्टिरॉइड, कवकनाशक व जीवाणुनाशक यांची एकत्र मिश्रणे चिठ्ठीवाचून विकली जाणे हे या साथीस पोषक ठरले, असे त्वचारोगतज्ज्ञांचे मत आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये चौदा स्टिरॉइडांची बाह्योपचाराची औषधे वैद्याच्या चिठ्ठीखेरीज विकण्यास मनाई करणारा बदल नियमांत केला. नियम झाला तरी गावच्या औषधाच्या दुकानात जाऊन मलमाचे नाव सांगण्याची सवय एकदम जात नाही.

पोटात घेतलेल्या अथवा टोचलेल्या स्टिरॉइडचे परिणाम याहून खोल असतात. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्यूकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने हा रोग नोंद करणे बंधनकारक करावे असे राज्यांना कळविले. हा संसर्ग प्रामुख्याने नाक, नाकाभोवतालच्या पोकळ्या व डोळे यांचा होता. चेहऱ्याच्या त्वचेपर्यंत तो नंतर येई. अनियंत्रित मधुमेह, स्टिरॉइडांचा वापर व विषाणूने केलेली हानी या तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. मधुमेहात रक्त अम्लधर्मी झाले म्हणजे ट्रान्सफेरिनची लोहावरील पकड सैल होते व ते लोह रायझोपससारख्या कवकास उपलब्ध होते. बीजाणू हवेत पूर्वीही होते. बदलली होती ती माणसाच्या शरीरातील परिस्थिती. त्या काळात रूढ झालेले काळी बुरशी हे नाव शास्त्रीयदृष्ट्या अयोग्य आहे. या कवकांची वाढ पांढरी वा करडी असते. काळी दिसते ती मेलेली ऊती.

प्रयोगशाळेतील निवाडा

एखादा जीव विशिष्ट रोगाचे कारण आहे असे ठरविण्यासाठी कोख यांनी घालून दिलेल्या कसोट्या सर्वांना माहीत आहेत. रोग असेल तेथे तो जीव आढळावा व निरोगी शरीरात तो आढळू नये, ही त्यांतील पहिली कसोटी. संधिसाधू कवकांना ती लागू पडत नाही. मॅलॅसेझिया निरोगी त्वचेवर असतो, कँडिडा निरोगी मुखात असतो आणि अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू प्रयोगशाळेच्या हवेतही असतात. म्हणून पात्रात काय उगवले एवढ्यावर निर्णय देता येत नाही. पदव्युत्तर प्रबंधांत रुग्णांच्या नमुन्यांतून मिळालेल्या कवकांच्या याद्या देण्याची प्रथा आहे. त्या यादीतील प्रत्येक नाव रोगकारकाचे आहे असे गृहीत धरले जाते, तेव्हा उपयुक्त माहितीऐवजी गोंधळच वाढतो.

निवाड्यासाठी पुढील गोष्टी पाहणे इष्ट होय. पहिली, कवक प्रत्यक्ष नमुन्यात दिसले पाहिजे. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावातील काचपट्टी किंवा ऊतीचा छेद यांवाचून केवळ संवर्धनाचा पुरावा अपुरा असतो. दुसरी, नमुन्यात दिसलेले रूप व संवर्धनात उगवलेले कवक यांचा मेळ बसला पाहिजे. नमुन्यात मुकुलन होणाऱ्या किण्वपेशी दिसल्या आणि पात्रात अ‍ॅस्परजिलस उगवला, तर तो हवेतून आलेला समजावा. ऊतीत रुंद, पटलहीन व जवळजवळ काटकोनात फाटे फुटणारे तंतू म्यूकर गणातील कवकांचे असतात. अरुंद, पटलयुक्त व लघुकोनात फाटे फुटणारे तंतू अ‍ॅस्परजिलस किंवा तत्सम कवकाचे असतात. तिसरी, त्याच जागेवरून पुन्हा घेतलेल्या नमुन्यात तेच कवक मिळाले पाहिजे. नखांच्या बाबतीत मेरी इंग्लिश यांनी १९७६ मध्ये सुचविलेला नियम मार्गदर्शक आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू दिसले, गजकर्णाचे कवक उगवले नाही आणि नखाच्या वीस तुकड्यांपैकी किमान पाचांतून तेच कवक उगवले, तरच अन्य तंतुरूप कवकास कारण मानावे. चौथी, खोल संसर्गाचे कारण मानलेले कवक ३७ अंशांवर वाढू शकते की नाही हे तपासावे.

दोन व्यावहारिक सूचनाही येथे देणे योग्य होईल. गजकर्णाची कवके वेगळी करण्यासाठी माध्यमात सायक्लोहेक्झिमाइड मिसळतात. त्यामुळे अन्य बुरशी दबते. परंतु म्यूकर गणातील कवके, अ‍ॅस्परजिलसच्या जाती व कँडिडाच्या काही जातीही त्याच द्रव्याने दबतात. संधिसाधू कवकाची शंका असेल तेव्हा त्या द्रव्याविना असलेले माध्यमही सोबत वापरले पाहिजे. तसेच म्यूकरची शंका असलेली ऊती खलात घोटू नये, बारीक कापून पेरावी. पटलहीन तंतू घोटल्याने नष्ट होतात व नमुना निष्फळ ठरतो.

औषधे : सर्वांना एकच मलम नाही

निदानाचा हा काटेकोरपणा केवळ विद्वत्तेसाठी नाही. कवकनाशकांचे क्षेत्र वेगवेगळे असते. ग्रिझिओफुल्व्हिन गजकर्णावर गुणकारी आहे, पण कँडिडा व मॅलॅसेझियावर त्याचा परिणाम होत नाही. नायस्टॅटिन कँडिडावर चालते, गजकर्णावर नाही. पोटात घेतलेले टर्बिनाफिन गजकर्णासाठी दिले जाते, परंतु शिब्यांवर ते निरुपयोगी ठरते. तेच मलमाच्या रूपात लावल्यास शिब्यांवर उपयोगी पडते. म्यूकर गणातील कवकांवर अ‍ॅम्फोटेरिसिन बी व शस्त्रक्रिया यांचाच मुख्य आधार असतो.

या औषधांपैकी बहुतेकांचे लक्ष्य एकच आहे, ते म्हणजे कवकाच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉल. मानवी पेशींत त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असते, म्हणून औषध निवड करू शकते. तथापि कवक व माणूस हे दोघेही दृश्यकेंद्रकी जीव असल्याने त्यांच्या पेशींत साम्य फार आहे. जीवाणुनाशकांच्या तुलनेने कवकनाशके संख्येने थोडी असण्याचे एक कारण हे होय.

या क्षेत्रात महाराष्ट्राचे एक ठळक कार्य आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या संस्थेत तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतून मिळविलेल्या एका जीवाणूपासून हमायसिन हे कवकनाशक वेगळे केले व १९६१ च्या सुमारास ते प्रसिद्ध केले. त्या जीवाणूस पिंपरीवरून स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे नाव दिले गेले. हे द्रव्य नायस्टॅटिन व अ‍ॅम्फोटेरिसिन यांच्याच वर्गातील असून कँडिडाच्या संसर्गावर बाह्योपचारासाठी ते वापरले गेले. अमेरिकेत १९६० च्या दशकात ब्लास्टोमायकोसिस या खोल संसर्गावरही त्याच्या चाचण्या झाल्या. जी माती संधिसाधू कवकांचे घर आहे, त्याच मातीतील दुसऱ्या जीवाने त्यांच्यावरील औषध पुरविले.

पुढील अभ्यासाच्या दिशा

कोल्हापूरच्या परिसरात या विषयावर काम करण्यास पुष्कळ वाव आहे. पहिले क्षेत्र तालमींचे. कुस्तीच्या हौद्यातील तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू इत्यादी मिसळण्याची परंपरा आहे. निर्जंतुक केसांचे तुकडे मातीवर पसरून केरॅटिनप्रिय कवके आकर्षित करण्याची व्हान्‌ब्रुसेघेम यांची १९५२ ची पद्धत अत्यंत अल्पखर्ची आहे. तिच्या साहाय्याने संस्कारित व असंस्कारित मातीची तुलना करता येईल. त्याच वेळी मल्लांच्या त्वचेची तपासणी केल्यास मातीतील कवके व त्वचेवरील कवके यांचा संबंध आहे किंवा नाही हे कळेल. दुसरे क्षेत्र रोपलावणीच्या हंगामातील चिखल्यांचे. त्यांत गजकर्णाची कवके, कँडिडा व जीवाणू यांचे प्रमाण जूनपासून सप्टेंबरपर्यंत कसे बदलते हे पाहणे उद्‌बोधक ठरेल. तिसरे क्षेत्र जखमांतील मातीचे.

या सर्व कामांत एक पथ्य पाळले जावे. वेगळ्या केलेल्या प्रत्येक कवकाच्या नोंदीशेजारी ज्या माणसापासून ते मिळाले त्याची परिस्थिती नोंदविली जावी. त्याचा व्यवसाय, पाण्याशी वा मातीशी संबंध, मधुमेह आहे काय, आधी कोणते मलम लावले होते व किती दिवस, या चार-पाच प्रश्नांना फारसा वेळ लागत नाही. रुग्ण मलमाची नळी सोबत आणू शकला तर तिच्यावरील घटकद्रव्ये लिहून घ्यावीत. ही माहिती नसलेला संवर्ध संग्रहात वर्षानुवर्षे जपला तरी त्याच्यापासून रोगाविषयी काही शिकता येत नाही.

सारांश, त्वचेवरील संधिसाधू कवकसंसर्गात कवकाचे नाव हा निदानाचा अर्धा भाग असून संधीचे नाव हा दुसरा अर्धा भाग होय. ओलावा, तेल, जखम, मधुमेह व स्टिरॉइड या पाच संधींपैकी कोणती समोर आहे हे ओळखता आले, तर पुष्कळ ठिकाणी प्रतिबंधाचा मार्गही आपोआप दिसतो. या पाचांतील शेवटची पूर्णतः माणसाच्या हातातील आहे. कवकशास्त्राचा अभ्यासक वैद्य नसतो आणि त्याने औषध सुचवू नये. परंतु काचपट्टीवर तंतू दिसल्याची वार्ता रुग्णाच्या हाती चुकीचे मलम पडण्यापूर्वी वैद्यापर्यंत पोहोचविणे त्याच्या अधिकारात निश्चित आहे.